एकट्याचा बँड

झाकणावरचे ठिपके अजून अंगठ्याला लागत होते... य, शो, मग चेपलेला भाग — तिथे अक्षर नाही, नुसता खळगा — आणि शेवटी रा. भांडीवाल्याने टोकदार खिळ्यावर हातोडी मारत, टुकटुक टुकटुक करत घातलेलं नाव. आईने रुखवतात मांडलेल्या दोन स्टीलच्या डब्यांपैकी एकाचं हे झाकण, आणि एकोणीसशे शहाऐंशी साली ते टीव्हीवर वाजलं होतं. साल यशोधराबाईंना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं, कारण त्याच आठवड्यात बुद्धभूषण झाला, आणि तेव्हापासून घरातली सगळी सालं त्या एका सालाच्या अलीकडची नाहीतर पलीकडची झाली.

"नको ना घासूस इतकं, आजी," माया म्हणाली. "जुनं दिसू दे. त्यातच तर मजा आहे."

मजा. यशोधराबाईंनी तारेची घासणी आणखी दाबली.

सकाळपासून त्यांच्या आत काहीतरी उकळत होतं आणि त्याला बाहेर पडायला तोंड मिळत नव्हतं. सुनेने चहा आणला तर चहात साखर जास्त, शेजारच्या विंगमध्ये ड्रिल चालू झालं तर ह्यांना आजच भोकं पाडायची होती का, खिडकीत कबुतर बसलं तर ते कबुतरसुद्धा नको. पण हा राग तसा नव्हता हे त्यांना माहीत होतं. रागाला समोर माणूस लागतो. आपल्या रागाला माणूस मिळत नाहीये, म्हणून तो साखरेवर आणि कबुतरावर निघतोय... दुसरं झाकण कुठंय? हे इथं आहे. ह्याच्यावर साल आहे, लग्नाचं. ते मात्र सगळं वाचता येतंय.

संध्याकाळी विहारामागच्या हॉलमध्ये त्यांच्या नवऱ्याचा, शंकररावांचा स्मृतिदिन. त्यांना जाऊन हे तिसरं वर्ष. बुद्धभूषणने सगळ्या ग्रुपवर टाकलं होतं — आधी वंदना, मग पडद्यावर दादांची टीव्हीवरची ती मुलाखत, जिच्यात त्यांनी अख्ख्या महाराष्ट्राला सुनावलं होतं, मग आईचे दोन शब्द, मग भोजनदान. आनंदनगरच्या कंपनीतले त्याचे सहकारी येणार होते, अंबरनाथहून जुन्या क्वार्टर्समधली माणसं येणार होती, उल्हासनगरहून कौसाबाई. अख्ख्या महाराष्ट्राला सुनावलं होतं... हे शब्द बुद्धभूषणचे नव्हते. त्यांचेच होते. पाळण्यापासून त्यांनीच त्याच्या कानात घातलेले.

आणि आता ते शब्द प्रोजेक्टरवर चढणार होते.

गुरुवारी संध्याकाळी 'आपल्या आळीतले' लागायचं. फॅक्टरी क्वार्टर्सच्या त्यांच्या ओळीत टीव्ही एकच, तीन दारं सोडून कौसाबाईंकडे — सरकत्या लाकडी दारांचा, त्यावर दोऱ्याने विणलेला रुमाल, रुमालावर प्लास्टिकची बदकं. गुरुवारी त्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. बायका भाजी निवडायला तिथेच घेऊन यायच्या. कार्यक्रमात दर आठवड्याला एक माणूस. पुढारी नाही, नट नाही, कसलं बक्षीस मिळवलेलं नाही. नुसता माणूस, पण जरा तिरपा. मिरजेचा एक पोस्टमन होता, तो दारात उभा राहून पाकिटावरचा पत्ता चालीत म्हणायचा आणि मगच पत्र हातात द्यायचा. एक रिटायर कंडक्टर होता, त्याने घरात घंटा टांगली होती आणि डबल दिल्याशिवाय पंगत उठू देत नव्हता. परभणीचा शिंपी होता, तो प्रत्येक शर्टाला आतून एक चोरखिसा लावायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचाच नाही. आणि हर्णैची ती म्हातारी! कावळ्यांना रोज केळीच्या पानावर वाढायची, एकेकाला नावाने हाक मारून, आणि उशिरा आलेल्याला बोलणी बसायची.

किती प्रेम केलं आपण त्या माणसांवर. सख्ख्या नात्यातली असावीत तशी ती त्यांना आठवत. भाजीत मीठ जास्त झालं तर शंकरराव ताटावर चमच्याने दोनदा टण्ण टण्ण करायचे, डबल बेल, उठा — आणि दोघं हसायचे. यशोधराबाई मायाला नेहमी सांगायच्या, तेव्हा तिरप्या माणसालासुद्धा वेळ द्यायचे गं. त्याच्या घरी जायचे, चटईवर बसायचे, त्याचं ऐकून घ्यायचे. तुमच्यासारखं नाही, बोटाने ढकललं की गेला माणूस वर, बोटाने ढकललं की आला दुसरा, आणि त्याच्यावर ते डब्यातलं हसणं चिकटवलेलं...

तेव्हा ऐकून घ्यायचे. हे आपण म्हणत होतो. काल रात्रीपर्यंत म्हणत होतो.

शहाऐंशीच्या आधीच्या वर्षीची जयंती. पलीकडच्या गावच्या बँडला सुपारी दिलेली. सकाळी क्वार्टर्ससमोर सगळे जमलेले, पोरं पांढऱ्या कपड्यांत, हातगाडीवर बाबासाहेबांची तसबीर, तिला झेंडूचे हार, आणि बँडची वाट बघणं चाललेलं. आला तो एकच माणूस, सायकलवरून. पायडलवरचा पाय काढला नाही त्याने. सुपारी परत दिली आणि खाली बघत म्हणाला, गावात चालत नाही म्हणतात. वाद्यं बाटतात.

मिरवणूक निघाली, पण मुकी निघाली. घोषणा होत्या, पण घोषणा किती वेळ देणार, आणि दोन घोषणांच्या मधे चपलांचा आवाज येत राहिला. शंकरराव तसबिरीच्या बाजूने चालत होते. घरी आल्यावर जेवले, कामावर गेले, आले, पुन्हा गेले... आणि काही दिवसांनी यशोधराबाईंच्या डब्यांची झाकणं नाहीशी झाली. डाळीत झुरळं पडतील, आईने दिलेलं आहे ते, तुमच्या काकांनी नव्हतं दिलेलं — काय काय बोलल्या त्या! शंकरराव गालातल्या गालात हसायचे. मग तेलाचा पत्र्याचा डबा पाठीला बांधला गेला, त्यावर आपटणारी दांडी दोरीने टाचेला जोडली गेली, म्हणजे पाऊल टाकलं की धम्म. झाकणं दोन्ही कोपरांना. तोंडात रॉकेलचं नरसाळं बसवलेली पिपाणी. बुद्धपौर्णिमेला ते ओळीच्या टोकापासून वाजवत निघाले — धम्म, झण्ण, पीं — आणि सासूबाई, सुंदराबाई, ज्या कधी कोणाला चांगलं म्हणायच्या नाहीत, त्या दारात येऊन म्हणाल्या, "माझ्या पोराचं डोकं फिरलं, पण तालात फिरलं."

ही गोष्ट कुणाच्या तरी मेव्हण्यातर्फे मुंबईला पोचली आणि टीव्हीवाले आले.

त्या दिवशी यशोधराबाई दाराआड उभ्या होत्या, दिवस भरत आलेले, हातात चहाचा ट्रे. कार्यक्रमातला तो माणूस — चौकड्यांचा शर्ट, जाड चष्मा, टीव्हीत दिसायचा त्यापेक्षा बुटका — खरंच चटईवर बसला. चहा बशीत ओतून प्याला. आणि बशी पुढे करून म्हणाला, वहिनी, अजून मिळेल? आता कुणाला सांगून कळायचं नाही त्या 'अजून'चं काय झालं. त्याच महिन्यात शंकररावांच्या खात्यातला एक साहेब घरी आला होता आणि पाण्याच्या ग्लासाला हात न लावता गेला होता. यशोधराबाईंनी त्या चौकड्यांच्या शर्टाला मनातल्या मनात भाऊ मानलं. चहाच्या एका बशीवर.

मग त्याने विचारलं, "शंकरराव, हे खूळ कसं सुचलं?"

आणि शंकररावांनी सांगितलं. सावकाश सांगितलं, पाठीवर डबा तसाच बांधलेला. शब्दन् शब्द यशोधराबाईंना पाठ होता, कारण पुढे त्यांनीच तो इतक्यांदा म्हटला. "खूळ नाही, साहेब. आमच्या जयंतीला बँड ठरवला होता. सकाळी निरोप आला, तुमच्या मिरवणुकीत वाद्यं बाटतात. मी म्हटलं, असू दे. न बाटणारी वाद्यं करू. माझ्या बायकोच्या डब्यांची झाकणं घेतली. एकट्याच्या बँडमध्ये एक बरं असतं साहेब, नाही म्हणणारा कोणी नसतो."

त्या माणसाने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. हे त्यांनी स्वतः पाहिलं. हे तरी त्यांनी स्वतः पाहिलं होतं ना?

मुलाखत लागली तेव्हा बुद्धभूषण तीन दिवसांचा होता. सुंदराबाईंनी छप्पन्न सालीच घरातले देव विहिरीत सोडले होते, पण बाळंतिणीच्या खोलीचे कायदे सोडले नव्हते. खिडकीला गोणपाट, खाटेखाली शेगडी, ओव्या-शेपांचा धूर. तीन दारं चालत जाऊन नवऱ्याला टीव्हीवर बघून येते म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "देव गेले, वारा गेला का गं? गुमान पड." तेव्हा यशोधराबाई भिंतीला कान लावून पडल्या. कार्यक्रमाची सुरुवातीची धून ऐकू आली. मग हशा फुटला, अख्ख्या ओळीचा, पोरांच्या किंकाळ्यांसकट. त्याही हसल्या, टाके ओढले गेले तरी. आणि मग... एकदम शांतता. एवढ्या माणसांची एवढी शांतता त्यांनी आयुष्यात ऐकली नव्हती. भांडं नाही, खोकला नाही, पोर नाही. आता बोलतायत ते, आता बाटण्याचं सांगतायत, आता नाही म्हणणाऱ्याचं — त्या ओठ हलवून बरोबर म्हणत होत्या, धुराने डोळे भरून आलेले.

थोड्या वेळाने शंकरराव दारात आले.

"दाखवलं?"

"दाखवलं."

"ते बँडवाल्यांचं? बाटण्याचं?"

"सगळं," शंकरराव म्हणाले, आणि वाकून त्यांनी मुलाला उचलून घेतलं.

ती शांतता त्यांनी जन्मभर वापरली. घरात पाहुणा आला, पोराला शाळेत कोणी काही बोललं, सोयरीक जुळवायला माणसं बसली — यशोधराबाई सांगायच्या, ह्यांनी टीव्हीवर सांगितलं तेव्हा अख्खी ओळ चिडीचूप झाली होती, मी भिंतीआडून ऐकलंय. आणि गोष्ट त्या जागी आली की शंकरराव उठायचे. "कुंड्यांना पाणी घालून येतो." नेहमी. बढाई नको वाटते त्यांना, त्या पाहुण्यांना कौतुकाने सांगायच्या, स्वभावच तसा. एकदा जुलैत, बाहेर धो धो पाऊस पडत असताना ते तांब्या घेऊन कुंड्यांना पाणी घालायला गेले होते... मी हसले होते. मी पाहुण्यांना खिडकीतून दाखवलं होतं, बघा बघा, ह्यांचा लाजाळूपणा बघा! पावसात भिजत एक माणूस कुंडीत पाणी ओततोय आणि मी आत त्याची गोष्ट सांगतेय.

कोणीतरी थांबवायचं ना मला.

सकाळी माया फोन घेऊन स्वयंपाकघरात आली होती. कुणीतरी तेव्हा कॅसेटवर धरून ठेवलेलं आता इंटरनेटवर टाकलं होतं; ते सापडलं एवढं ऐकूनच बुद्धभूषणने, न बघता, ग्रुपवर कार्यक्रम टाकला होता. 'जुन्या टीव्हीतले येडे', भाग अमुक. खाली रडून रडून हसणारे पिवळे चेहरे, ओळीने. यशोधराबाईंनी ते चेहरे बाजूला ठेवले, चष्मा लावला. पडद्यावर मुंग्या, मग मुंग्यांतून शंकरराव — किती बारीक होते ते! बनियनला खांद्यापाशी भोक होतं आणि कॅमेरा त्या भोकावर जाऊन थोडा थांबला. नजर चुकून जात नाही अशी. गेला आणि थांबला. मग चटई, बशी, चौकड्यांचा शर्ट.

"शंकरराव, हे खूळ कसं सुचलं?"

शंकररावांनी तोंड उघडलं. चित्र किंचित उडालं, पापणी लवावी इतकंच. आणि शंकरराव म्हणाले, "माझ्या बायकोच्या डब्यांची झाकणं घेतली!"

हशा. टीव्हीतलाच हशा, वरून ओतलेला. दाराआडून पुढे आलेला एक हात, हिरव्या बांगड्या, ट्रे — आपला हात, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा — आणि पुन्हा हशा. मग शंकरराव ओळीच्या टोकापासून वाजवत येताना, धम्म, झण्ण, पीं, आणि सगळं थोडं भरभर केलेलं, त्यामुळे ते चावी दिलेल्या माकडासारखे दिसत होते. मग चौकड्यांचा शर्ट हसत हात जोडतो, पुढच्या गुरुवारी भेटू म्हणतो, धून वाजते, नावं येतात. समाप्त.

"अर्धीच क्लिप आहे, आजी," माया म्हणाली. "मेन पार्ट कोणी अपलोड केला नसेल. मी अजून सर्च करते ना." आणि फोन उलटा करून ओट्यावर ठेवला, आणि फ्रिजमध्ये काहीतरी शोधायला लागली.

समाप्त आलेलं असताना अर्धी कशी? हे मायाला कळत नाही? रात्र-रात्र त्या फोनवर तुकडे कापत आणि जोडत बसणाऱ्या पोरीला? तिला कळलं होतं. फ्रिजचं दार उघडं ठेवून ती जितका वेळ उभी राहिली त्यावरून यशोधराबाईंना कळलं की तिला कळलं होतं. आणि तेव्हा तो राग पेटला — सांभाळून घेतायत मला! ही कालची पोरगी मला सांभाळून घेतेय, आणि तोंड असं करून, जसं... जसं कौसाबाई करायची, गोष्ट त्या जागी आली की. जसं सासूबाई करायच्या. भाजीत मान घालून.

दुपारी सगळे हॉल सजवायला गेल्यावर त्यांनी उल्हासनगरला फोन लावला. त्यांच्या मुलाच्या, रघूच्या घराखाली जीन्स शिवायचा कारखाना आहे, त्यामुळे कौसाबाईंच्या आधी नेहमी मशिनींचाच आवाज येतो.

"कोण, यशोदा?"

"यशोधरा." चाळीस वर्षं हीच सुरुवात.

"तेच गं ते. येतेय मी संध्याकाळी, रघू सोडतोय रिक्षानं. जेवणाला काय आहे? मागल्या साली वांगी खारट झालेली हां, मी बोलले नाही."

"कौसावहिनी, त्या दिवशी तुमच्याकडे टीव्हीवर काय दाखवलं?"

"कवाच्या दिवशी?"

"तुम्हाला माहितीये कधीच्या."

मशिनी चालत राहिल्या. खाली कोणीतरी कुणाला सिंधीत ओरडलं.

"भावजींना वाजवताना दाखवलं की. झ्याक दाखवलं."

"आणि बोलताना?"

"तेवढं सोड गं, वांग्यांचं सांग."

"नव्हतं ना?"

"नव्हतं गं बाय," कौसाबाई म्हणाल्या. आवाज एकदम म्हातारा झाला होता. "आम्ही हसलो ना आधी, सगळेच. मग ते संपलंच. भावजी मागं दारात उभे होते. आम्ही वळून बघितलं तर... काय सांगू तुला तोंड कसं झालेलं. म्हणाले, आत ती पडली आहे, तिला मी सांगेन ते सांगेन, तुम्ही कुणी काही बोलायचं नाही. येवढंच. माझा रघू येवढासा होता, तोपण गप."

"म्हणून शांतता होती."

"आं?"

"काही नाही. मला का नाही सांगितलं?"

"अगं, ओली बाळंतीण तू. टाके पडलेले."

"टाके पंधरा दिवसांत विरतात, वहिनी. एकोणचाळीस वर्षं माझे टाके होते का?"

"आता तूच येवढ्या तोऱ्यात सांगायचीस!" कौसाबाई चिडल्या. "कोणाची छाती होती तुझ्या मधे बोलायची? ऐकून ऐकून आम्हालाच वाटायला लागलं, दाखवलंच असंल. आयशप्पत सांगते यशोदे, मला आता भावजी टीव्हीत बोलताना आठवतात. ते नाही म्हणणाऱ्याचं. डोळ्यासमोर दिसतात."

यशोधराबाईंनी फोन ठेवला. कौसाबाईंवर रागवावं म्हटलं तर तिथेही काही हाताला लागेना — खोटं बोललेली बाई म्हणावी तर तिच्यापेक्षा खरं आता कोणाला आठवत नव्हतं.

भिंतीवर शंकररावांचा फोटो, चंदनाचा हार. तुम्ही! त्या मोठ्याने म्हणाल्या, घरात कोणी नव्हतं. तुम्ही मला एवढी कच्ची समजलात? मी सात तास कळा काढून तुमचं पोर बाहेर काढलं होतं आणि मला टीव्हीवर काय कापलं ते सोसलं नसतं? आपण दोघं मिळून शिव्या घातल्या असत्या त्यांना! एकट्याने गिळलंत. म्हणून लग्नात वाजवायच्या सुपाऱ्या यायला लागल्यावर एकदाच गेलात आणि परत आल्यावर डबा माळ्यावर टाकलात. म्हणून जयंतीला वाजवायचात ते फक्त आपल्या ओळीत, बाहेर कधी नाही. मला वाटलं दमलात. खात्यातले लोक 'ए बँडवाले' म्हणायचे आणि तुम्ही मान डोलवायचात, मला वाटलं प्रेमाने म्हणतात... किती किती गोष्टी आता उठून जागा बदलत होत्या. घरातलं सामान अंधारात कोणीतरी हलवून ठेवावं आणि आपण सवयीने चालायला जावं, तसं त्यांना प्रत्येक वर्षाला ठेच लागत होती.

आणि तो चष्मा पुसणारा? त्याने कापलं? की त्याच्या वरच्याने, ऑफिसात बसून, हे कशाला, हलकंफुलकं ठेवा म्हणून? तो भांडला असेल का त्या शब्दांसाठी, की दुसरी बशी पिता पितानाच त्याला माहीत होतं की एवढं आपण काढून टाकणार आहोत? जिवंत असेल का तो? बँडवाल्यांचा तरी पत्ता होता. तो सायकलवाला निदान तोंडावर येऊन म्हणाला होता. त्याचा बँड पुढे मोडला, आता त्याच गावातला कोणी डीजे लावतो आणि जयंती जवळ आली की विहाराच्या कमिटीला सगळ्यात आधी फोन त्याचा येतो, काका, यंदा सेवा आम्हालाच द्या. त्याच्यावर रागवायचीसुद्धा सोय उरली नव्हती. सुंदराबाई गेल्या. कापणारा कोण ते माहीत नाही. ज्याच्या तोंडातून शब्द काढून घेतले तो चंदनाच्या हारात गप्प.

माया न्यायला आली तेव्हा त्या पांढरं पातळ नेसून बसल्या होत्या, मांडीवर दोन झाकणं.

"पुढचा भाग नाहीये," यशोधराबाई म्हणाल्या.

माया चप्पल काढता काढता थांबली.

"हो आजी."

"तुला सकाळीच कळलं होतं."

"तुला वाईट वाटलं असतं ना." पोरीचे डोळे भरले. "पप्पांना नाही सांगितलंय मी. ऐक ना, मी प्रोजेक्टर चालूच नाही करत. सांगते, केबल खराब आहे. कोणाला काही कळणार नाही. तू आपलं नेहमीसारखं सांग ना, तू सांगतेस ते भारी असतं. सगळ्यांना तेच ऐकायचंय."

कोणाला काही कळणार नाही. किती प्रेमाने म्हणाली. शंकररावांनीही असंच प्रेमाने म्हटलं असेल, दारात उभं राहून. यशोधराबाईंना वाटलं, हिच्या एक थोबाडीत द्यावी आणि जवळ ओढून घ्यावं, दोन्ही एकाच हाताने.

"लाव ती," त्या म्हणाल्या. "उडतं तिथे थांबवता येतं का?"

"कुठे?"

"तोंड उघडतात आणि चित्र उडतं. तिथे."

"येतं," माया म्हणाली. आणि मग, हळू, "पण मग तू काय करणार?"

"मला काय माहीत."

हॉलमध्ये वंदना झाली. कौसाबाई पुढच्या रांगेत बसल्या होत्या आणि यशोधराबाईंकडे बघत नव्हत्या. बुद्धभूषणने माइकवर दोन वाक्यं म्हटली — माझ्या वडिलांनी त्या काळात, टीव्हीवर, अख्ख्या महाराष्ट्राला — आणि दिवे मालवले. पांढऱ्या चादरीवर मुंग्या, मुंग्यांतून शंकरराव. पोरं हसली. बनियनचं भोक चादरीवर ताटाएवढं दिसत होतं. चटई, बशी. खूळ कसं सुचलं? शंकररावांनी तोंड उघडलं.

थांबलं.

"नेट गेलं काय?" मागून कोणीतरी म्हणालं. बुद्धभूषण खुर्चीवरून उठायला लागला, मायाने हाताने त्याला बस म्हणून खुणावलं. चादरीवर एवढं मोठं उघडं तोंड, वरचा एक दात जरा पुढे, मधे काळोख. कोणी खोकलं आणि मग खोकलं नाही. पोरं गप झाली. आणि यशोधराबाईंनी ती शांतता ओळखली. तीच. गोणपाटाच्या खिडकीआडून, धुरात पडल्या पडल्या ऐकलेली. तेव्हा ती भिंतीच्या पलीकडे होती. आता त्या तिच्या आत बसल्या होत्या आणि सगळी डोकी त्यांच्याकडे वळत होती, एकेक, आजी आता बोलणार.

बोलायला हवं होतं. शब्दन् शब्द पाठ होता. पण डोळे त्या उडालेल्या जागेवरून हलेनात. पापणी लवते तेवढंच... कुठे पाहिलंय हे? ह्याच्या आधी पाहिलंय. हर्णैची म्हातारी. पानावर भात वाढत होती, त्या चौकड्यांच्या शर्टाने विचारलं, आजी, कावळेच का हो? तिने मान वर केली, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं — आणि उडालं चित्र. अगदी असंच. आणि कौसाबाई म्हणाल्या होत्या, मेला अँटेना हलला. रघूला छपरावर पाठवलं होतं. तो वरून ओरडत होता, आलं का, आता आलं का, आणि खाली सगळे हसत होते, आपणही हसत होतो, कारण तोवर म्हातारी कावळ्याला बोलणी देत होती. पोस्टमनच्या वेळीसुद्धा. रघू किती गुरुवार छपरावर चढला? अँटेना जागच्या जागीच होता. कोणाकोणाच्या तोंडावर रघूला वर पाठवलं आपण? शिंप्याने चोरखिसा कोणासाठी लावला पहिल्यांदा? पोस्टमनला कुठलं पत्र असं तोंडाने म्हणावं लागलं होतं? का वाढत होतीस गं बाई तू रोज, कोणाची नावं होती ती कावळ्यांना?

राग होता. सकाळचाच, तसाच. फक्त आता तो माणूस शोधत नव्हता. तो एका जागी बसून ऐकायला लागला होता.

"आई," बुद्धभूषण कानाशी येऊन म्हणाला, "माइक."

त्यांनी माइक घेतला नाही. झाकणं वाजवली नाहीत, खालीही ठेवली नाहीत. अंगठा ठिपक्यांवरून फिरत त्या खळग्याशी आला आणि तिथे थांबला. चादरीवरचं तोंड अजून उघडं होतं.

"बोला," त्या म्हणाल्या, अगदी हळू, शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही इतकं... शंकररावांना म्हणाल्या की त्यांच्या मागे उभ्या असलेल्या म्हातारी-पोस्टमन-शिंप्यांच्या त्या सगळ्या रांगेला, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.